पट्ट्यांची सोयरीक

गेल्या श्रावणात माझ्या नव्या कादंबरीची मुद्रिते तपासायला बसले आणि ११२ व्या पानावर अडखळले. आजारी सासऱ्यांना उठवून बसवायला धाकटी सून पुढे होते, असा तो प्रसंग. मी लिहिले होते, ‘तिने हात पुढे केला.’ छापून आले होते, ‘तिने सात पुढे केला.’

आधी हसू आले. छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांच्या गमती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण हल्ली खिळे नाहीत आणि ते जुळवणारेही नाहीत. लेखकाने संगणकावर टंकलेला मजकूर जसाच्या तसा पानांवर चढतो. १४० व्या पानावर ‘काळ’ चा ‘काल’ झालेला दिसला. १६३ व्या पानावर नवरा बायकोला विचारतो, ‘काय करतेस?’ तर तिथे ‘काम करतेस?’ असे आलेले. आता मात्र हसू आटले. हात, सात, काळ, काल, काय, काम : सगळे शब्द मराठीच, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राच्या डोळ्यांत एकही खुपला नव्हता. मग आणखी कुठे कुठे काय बदलले असेल, कोण जाणे!

बोट चुकले म्हणावे, तर माझ्या कळफलकावर ‘ह’ वरच्या ओळीत आणि ‘स’ खालच्या ओळीत. दोन्हींना बोट एकच लागते, हे कबूल. पण ‘ळ’ आणि ‘ल’ चे काय? विचार करता करता मला मार्गशीर्षातली एक गोष्ट आठवली, आणि संशयाचा काटा नेमका एका माणसाकडे वळला.

मी शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवते. शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढे शिवणाचा अभ्यासक्रम केला आणि सुईदोऱ्याच्या बळावर शिक्षिका झाले. कादंबऱ्या लिहिते त्या रात्री, घरच्या संगणकावर. हे यंत्र २०१३ सालचे. त्यात स्मृतीची एकच पट्टी होती, चार गिगाबाइटांची. मुले तिला ‘रॅम’ म्हणतात. अलीकडे यंत्र फारच मंदावले होते. मी वाक्य टंकून चहा टाकून यावे, तेव्हा कुठे ते पडद्यावर उमटावे. नवे घ्यायचे तर २०२५ च्या अखेरीस स्मृतीचे भाव असे काही कडाडले होते, की दुकानदारसुद्धा किंमत सांगताना खाली बघत. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड गणनगृहे जगभर उभी राहत होती आणि कारखान्यांचा माल तिकडे वळत होता. माझ्या कादंबरीचा त्या बुद्धिमत्तेशी काही संबंध नव्हता. झळ मात्र बसली.

बाजारपेठेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दुरुस्तीचे दुकान आहे. तो म्हणाला, “बाई, नवं कशाला घेता? माझ्याकडे आठाची एक जुनी पट्टी आहे. कंपनी वेगळी, वेग वेगळा, पण जात एकच. दोघी नांदतील.” त्याने माझ्याचकडे खोडरबर मागितले, दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी दात त्याने घासून लख्ख केले, खोबणीत बसवल्या, दोन्हीकडच्या खिट्ट्या टक्‌दिशी लागल्या आणि यंत्र घोड्यासारखे पळू लागले. चार अधिक आठ, बारा.

आणि आता हे! मी तडक दुकानात गेले. चार गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याला म्हटले, की तुझ्या त्या विजोड पट्टीने माझी कादंबरी नासवली. त्याचे कान लाल झाले. “बाई, यंत्र घेऊन या, तपासू,” एवढेच तो म्हणाला. मी नेले नाही. रागाच्या भरात माणूस एक तर भांडतो, नाही तर वाचतो. भांडून झाले होते. मग मी वाचायला बसले, की या विजोड पट्ट्यांचे प्रकरण मुळात आहे तरी काय. वाचता वाचता भाद्रपद संपला. पण जे हाती लागले ते एकटीनेच ठेवून घ्यावे असे नव्हते.

गणकयंत्राला दोन गोष्टी लागतात : हिशेब करणारे डोके आणि हिशेब चालू असताना आकडे धरून ठेवणारी पाटी. डोके लवकर सापडले. पाटीने मात्र शास्त्रज्ञांना रडवले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चारपाच वर्षांत या पाटीसाठी जे प्रकार झाले, ते वाचताना एखाद्या अद्भुत कथेची आठवण व्हावी. केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांचे ‘एडसॅक’ नावाचे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. त्याची स्मृती पाऱ्याची होती! सुमारे पाच फूट लांबीच्या पोलादी नळ्यांत पारा भरलेला. एका टोकाला आकडा ध्वनीच्या ठोक्यांच्या रूपाने सोडायचा. ठोका पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सेकंदाचा सुमारे हजारावा भाग जाई. तेवढा वेळ आकडा ‘लक्षात राहिला’. टोकाला पोचताच तो पुन्हा पहिल्या टोकाला आणून सोडायचा. म्हणजे पाढा विसरू नये म्हणून मूल तो सारखा पुटपुटत असते, तसलाच हा प्रकार. युद्धकाळात रडारसाठी निघालेली ही युक्ती गणकयंत्रात आणण्याचे श्रेय अमेरिकेतल्या प्रेस्पर एकर्ट यांचे. पारा महाग आणि तापमानाला हळवा, म्हणून त्याऐवजी जिन हे मद्य वापरून पाहावे अशी सूचना प्रख्यात गणिती ॲलन ट्युरिंग यांनी केली होती, असे सांगतात. ती कोणी मनावर घेतली नाही.

मँचेस्टरला फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी दुसरीच वाट धरली. दूरचित्रवाणीच्या पडद्यासारखी काचेची नळी घ्यायची आणि तिच्या पृष्ठभागावर विजेचे ठिपके मांडायचे. ठिपका आहे की नाही, हाच एक किंवा शून्य. पण ठिपका क्षणार्धात विरून जाई. म्हणून तो विरायच्या आत वाचायचा आणि तिथेच पुन्हा मांडायचा. २१ जून १९४८ रोजी त्या यंत्राने आपला पहिला कार्यक्रम पुरा केला. ५२ मिनिटे लागली. साऱ्या स्मृतीत ठिपके किती? १,०२४. माझ्या नावगावाचा पत्तासुद्धा त्यात धड बसता ना.

यापुढचा टप्पा मात्र माझ्या धंद्यातला निघाला. लोहचुंबकी द्रव्याची मोहरीएवढी कडी करायची. तिच्यातून तार ओवायची. तारेतून वीज एका दिशेने गेली की कडी एका बाजूने चुंबकित होते, उलट दिशेने गेली की उलट बाजूने. एक आणि शून्य! वीज बंद केली तरी कडी आपली दिशा विसरत नाही. शांघायमध्ये जन्मलेला आणि हार्वर्डला काम करणारा अ‍ॅन वांग नावाचा तरुण या कड्यांच्या मागे लागला होता. अडचण अशी होती, की कडीत काय आहे हे वाचायला गेले की ते पुसले जाई. वांगला एक साधी गोष्ट सुचली : पुसले तर पुसू दे, वाचून झाल्यावर पुन्हा लिही. १९४९ मध्ये त्याने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिकडे मॅसॅच्युसेट्‌स तंत्रसंस्थेत जे फॉरेस्टर यांनी या कड्यांची उभ्याआडव्या तारांवर जाळी विणली, म्हणजे हवी ती कडी दोन तारांच्या छेदावर अचूक सापडावी, आणि १९५३ मध्ये ‘व्हर्लविंड’ यंत्रात ती बसवली. वांगचे पेटंट पुढे आयबीएम कंपनीने विकत घेतले. फॉरेस्टर यांच्या पेटंटपायी त्याच कंपनीला १९६४ मध्ये एक कोटी तीस लाख डॉलर मोजावे लागले.

या जाळ्या कोण विणी? बायका. भिंगाखाली मोहरीसारख्या कड्या धरून, केसासारख्या तारा ओवत. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतल्या गणकयंत्राची कायमची स्मृती अशीच होती. मॅसॅच्युसेट्‌समधल्या वॉल्थॅमच्या कारखान्यात बायकांनी ती हातांनी विणली. तार कडीच्या आतून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. एक टाका चुकला तर चंद्रावर जाणाऱ्याचा हिशेब चुकणार. मी माझ्या सातवीच्या मुलींना मण्यांचे तोरण शिकवताना हे सांगितले, तर एक जण म्हणाली, “बाई, मग उसवून पुन्हा विणायच्या का हो त्या?” शिवणाच्या बाईला यापेक्षा चांगला प्रश्न कोण विचारणार!

आपल्याकडेही ही जाळी आली, आणि तीही लवकर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःचे गणकयंत्र बांधले. १९६० च्या फेब्रुवारीत ते कामाला लागले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि चुंबकी कड्यांची स्मृती : प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द. गुणाकार करून पाहिला, ८१,९२० कड्या. आजच्या मापात सांगायचे तर १०,२४० बाइट. देवनागरीतले एक अक्षरचिन्ह साठवायला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. तेव्हा हा लेख टिफ्रॅकच्या स्मृतीत घालायचा म्हटले, तर पाऱ्याच्या नळ्या संपून कड्यांची गोष्ट सुरू होताहोताच जागा संपली असती. माझ्या विद्यार्थ्याने दिलेल्या त्या एका जुन्या पट्टीत असली आठ लाख अडतीस हजारांवर टिफ्रॅक मावतात. पट्टी माझ्या करंगळीहून थोडी लांब, वजन जेमतेम एखाद्या बिस्किटाचे.

ही किमया ज्या माणसाची, त्याचे नाव रॉबर्ट डेनार्ड. आयबीएममध्ये होते. १९६६ मध्ये एके दिवशी त्यांनी चुंबकी स्मृतीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांचे व्याख्यान ऐकले. त्यांचे काम किती साधे आणि आपले किती गुंतागुंतीचे, हे मनाला लागले. घरी येऊन बाकावर बसले, खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि संध्याकाळ सरता सरता त्यांना उत्तर सुचले. एका अंकासाठी सहासहा ट्रान्झिस्टर कशाला? एकच ट्रान्झिस्टर पुरे, आणि त्याच्या पाठीशी विजेचा एक थेंब साठवणारे इवलेसे भांडे. भांडे भरले तर एक, रिते तर शून्य. त्याच रात्री त्यांनी वरिष्ठांना दूरध्वनी केला. जून १९६८ मध्ये पेटंट मिळाले. डेनार्ड २०२४ मध्ये वारले.

यात एकच खोट होती, आणि ती आजही आहे : भांडे गळके. विजेचा थेंब हळूहळू झिरपून जातो. म्हणून सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्याच्या आत प्रत्येक भांडे बघून पुन्हा भरावे लागते. मँचेस्टरच्या विरणाऱ्या ठिपक्यांचीच ही नात! तुमच्या घरातला संगणक निवांत दिसतो ना, तेव्हाही त्याच्या पोटात अब्जावधी गळकी भांडी अखंड भरली जात असतात. वीज गेली की सारे रिकामे. चुंबकी कडीला हा शाप नव्हता. पण कडी हाताने ओवावी लागे आणि ही भांडी छापता येत. ऑक्टोबर १९७० मध्ये इंटेल कंपनीची ‘११०३’ ही १,०२४ अंकांची चकती बाजारात आली, आणि थोड्याच वर्षांत कड्या ओवणाऱ्या बायकांचे काम थांबले. इतिहासाच्या पुस्तकांत डेनार्ड आहेत, वांग आहेत. त्या बायकांची नावे मला फारशी सापडली नाहीत.

आता पट्ट्यांकडे वळू. १९८१ मध्ये आयबीएमने घरगुती संगणक काढला, तेव्हा स्मृतीच्या चकत्या एकेक करून बसवाव्या लागत. झुरळासारखे पाय असलेल्या त्या चकत्या. एक पाय वाकला की दिवस फुकट. वर यंत्र तापून निवून त्या आपोआप खोबणीतून वर सरकत, आणि मग झाकण उघडून अंगठ्याने दाबून बसवाव्या लागत. हा जाच संपवला तो १९८३ मध्ये वांग लॅबोरेटरीजने, म्हणजे कडीवाल्या अ‍ॅन वांगच्याच कंपनीने. त्यांनी नऊ चकत्या एका छोट्या पट्टीवर डाखल्या आणि पट्टीच्या काठाला तीस दात ठेवले. पट्टी खोबणीत तिरकी घालून उभी करायची, झाले काम. एकाच माणसाचे नाव स्मृतीच्या दोन युगांच्या उंबऱ्यावर यावे, याचे मला नवल वाटते. वांग १९९० मध्ये वारले आणि दोन वर्षांत कंपनीचे दिवाळे वाजले.

पट्टी आली आणि तिच्याबरोबर सोयरिकीचे प्रश्नही आले. तीस दातांची पट्टी एका वेळी आठ अंक देई. ज्या यंत्राचे डोके एका वेळी बत्तीस अंक मागे, त्याला एकसारख्या चार पट्ट्यांचा संच लागे. तीन चालत नसत. तीन सारख्या आणि एक वेगळी, तरी कुरकुर. स्मृती वाढवायची म्हणजे जुन्या चारही काढून ठेवा आणि नव्या चार आणा. जुन्यांचे काय करायचे, तर कपाटात. पुढे बहात्तर दातांच्या आल्या, त्या बत्तीस अंकी. पण तोवर डोके चौसष्ट अंकी झाले होते, म्हणून त्या जोडीने घ्याव्या लागत. शिवाय कोणाचे दात कथलाचे, कोणाचे सोन्याचे. सोन्याच्या दातांची पट्टी कथलाच्या खोबणीत बसवली की दोन धातूंच्या घासण्यातून हळूहळू गंज धरे आणि वर्षादोनवर्षांनी यंत्र भ्रमिष्टासारखे वागू लागे. आमच्या आजीच्या शब्दांत सांगायचे तर सोन्याने कथलाशी सोयरीक करू नये.

तरीही लोक जोडतच होते, कारण स्मृती महाग होती. किती महाग आणि किती लहरी, ते ४ जुलै १९९३ ला जगाने पाहिले. जपानमध्ये निइहामा इथल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चकत्या तयार होत नव्हत्या; चकत्यांवर जे काळे आवरण चढवतात त्याची राळ तयार होई. पण जगाची निम्म्याहून अधिक राळ त्या एका गावातून जात होती. बातमी आली आणि काही आठवड्यांत स्मृतीचे भाव दुपटीवर गेले. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला, तेव्हाही भाव असेच उसळले. कुठल्या कोपऱ्यात जमीन हलते आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात पाटीवरचा आकडा बदलतो! मुंबईच्या त्या रस्त्यावर जुन्या पट्ट्या भाजीसारख्या निवडून घेतल्या जात, हे मी स्वतः पाहिले आहे. माझा भाऊ एकदा मला तिथे घेऊन गेला होता.

नव्वदीच्या मध्यानंतर १६८ दातांच्या पट्ट्या आल्या. त्या चौसष्ट अंकी, म्हणून एकटीही चाले. तिथून पुढे पिढ्या भराभर पालटल्या : २००० च्या सुमारास डीडीआर, २००३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती, २००७ मध्ये तिसरी, २०१४ मध्ये चौथी, आणि पाचवीचे नियम २०२० मध्ये ठरले. हे नियम ठरवणारी पंचायत आहे, तिचे नाव जेडेक, स्थापना १९५८ ची. दर पिढीत वीज कमी लागते : साडेतीनच्या आतबाहेर व्होल्ट लागत होते, ते पाचव्या पिढीत १.१ वर आले. म्हणून एका पिढीची पट्टी दुसरीच्या खोबणीत गेली तर जळायचीच. ती जाऊच नये म्हणून पंचायतीने पट्टीच्या दातांत एक खाच ठेवली आणि प्रत्येक पिढीत ती खाच थोडी सरकवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीला दात सारखेच, २४०. पण खाच वेगळ्या जागी. शिवणात दोन तुकडे उलटे जोडले जाऊ नयेत म्हणून काठाला कातरीचा एक छोटा छेद देतात, तसेच हे. माझा विद्यार्थी ‘जात एकच’ म्हणाला होता, ते या खाचेवरून. माझी आणि त्याची, दोन्ही पट्ट्या तिसऱ्या पिढीच्या.

मग पिढी एक पण वेग वेगळा, असे झाले तर? माझी पट्टी १३३३ ची, त्याची १६०० ची. इथे मला सगळ्यांत गंमत वाटली. प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी वेगळी चकती असते आणि तिच्यात त्या पट्टीची पत्रिका लिहिलेली असते : क्षमता किती, वेग किती, विजेची गरज किती, विचारल्यावर उत्तर द्यायला किती ठोके लागतात. यंत्र सुरू झाले की डोके उठण्याआधी हे पत्रिका वाचण्याचे काम होते. दोन पत्रिका जमत नसतील, तर यंत्र मोडता घालत नाही. जी सावकाश आहे तिच्या पावलाने दोघींना चालवते. धाकटी पळू शकते, पण थोरलीसाठी चालते. क्षमता वेगळ्या असल्या तरी पुष्कळ यंत्रे तोड काढतात : माझ्या चारातले चार आणि त्याच्या आठातले चार यांची जोडी लावून दोन्ही वाटांनी एकदम माल आणायचा, आणि उरलेले चार एकेरी वाटेने. सगळ्याच वेळी जमते असे मात्र नाही. कधी यंत्र सुरूच होत नाही, नुसते पिंपिं करते. कधी सुरू होते आणि दोन दिवसांनी निळे पडते. पण जमते तेव्हा नीट जमते.

हे वाचले आणि माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. विजोडपणाने यंत्र बंद पडेल, अडखळेल. ‘हात’ चा ‘सात’ का होईल?

त्याचे उत्तर दुसऱ्याच इतिहासात होते, चुकांच्या. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ‘स’ आणि ‘ह’ बाराखडीच्या शेवटी शेजारी शेजारी, म्हणून त्यांचे क्रमांकही शेजारचे. एक आणि शून्य यांच्या भाषेत लिहिले तर दोघांत फक्त शेवटच्या अंकाचा फरक. ‘ह’ च्या शेवटी एक, ‘स’ च्या शेवटी शून्य. ‘ळ’ आणि ‘ल’ चे तसेच. ‘य’ आणि ‘म’ चेही तसेच! तीन चुका, आणि तिन्ही ठिकाणी शेवटचा एक जाऊन शून्य आलेला. कोट्यवधी भांड्यांपैकी एखादे भांडे असे, की ते भरलेच जात नाही. मजकूर कधी त्या भांड्यावर येऊन बसला, की तिथल्या अक्षराचा शेवटचा अंक सांडला.

अशा सांडलवंडीचे भय पहिल्यापासून होते. बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांना १९४७ मध्ये आठवड्याच्या सुट्टीतच यंत्र वापरायला मिळे. चूक सापडली की यंत्र त्यांचे काम टाकून पुढचे घेई आणि सोमवारी येऊन पाहावे तो हाती भोपळा. चूक झाली हे ज्या यंत्राला कळते, त्याला ती कुठे झाली हे का कळू नये, या चिडीतून त्यांनी चूक शोधून दुरुस्त करणारे अंक बसवले. १९५० मध्ये ते प्रसिद्ध झाले. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकात आठ चकत्यांमागे नववी होती, ती राखणदार. आठांचा मेळ तिच्याशी जमला नाही की यंत्र जागीच थांबे. वांगच्या पट्टीवर नऊ चकत्या होत्या त्या याचसाठी. १९७८ च्या सुमारास इंटेलमधल्या टिमोथी मे आणि मरी वुड्‌स यांनी आणखी एक गोष्ट उघडकीला आणली : चकतीच्या आवरणातल्या मातीत युरेनियम-थोरियमचा जो अंश असे, त्यातून सुटणारे कण अंक उलटवीत होते. पुढे नव्वदीच्या मध्यात भाव पाडायच्या चढाओढीत घरगुती यंत्रांतला नववा राखणदार काढून टाकला गेला. बँकांच्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांत तो राहिला. आमच्यासारख्यांच्या घरचा गेला. लेखकाच्या अक्षरांपेक्षा बँकेच्या आकड्यांची काळजी जास्त, यात नवे काही नाही म्हणा.

एवढे कळल्यावर मी कपाटातून दोन वर्षांपूर्वीची एक कथा काढली. ती टंकली तेव्हा यंत्रात माझी एकटीचीच पट्टी होती. तिसऱ्या पानावर ‘काळ’ च्या जागी ‘काल’. छापून आली होती, वाचकांनी वाचली होती, कोणी काही बोलले नव्हते.

यंत्र रिक्षात घालून मी दुकानात नेले. त्याने स्मृती तपासणारा कार्यक्रम लावला. प्रत्येक पट्टी एकटी घालून एकेक रात्र. प्रत्येक भांड्यात एक लिहायचे, वाचायचे. शून्य लिहायचे, वाचायचे. त्याची पट्टी स्वच्छ निघाली. माझी, २०१३ ची, घरची, एका ठिकाणी दर वेळी तीच चूक दाखवीत होती : एक लिहावे आणि शून्य वाचले जावे. एकच लाल ओळ, पुन्हा पुन्हा.

गिऱ्हाइकांदेखत बोलले होते, म्हणून गिऱ्हाइके असतानाच मी त्याला म्हटले, “चूक माझ्या पट्टीची होती. तुझी नव्हती.” त्याने मान खाली घालून स्क्रू फिरवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांना काही कळले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, “बाई, आता तुमची काढली तर आठच उरतील. माझ्याकडे आणखी एक चाराची आहे. पण तीही वेगळ्याच कंपनीची.”

“घाल,” मी म्हटले, “पण आधी रात्रभर तपास.”

त्याने पैसे घेतले नाहीत. मी त्याच्या मुलीच्या फ्रॉकला भरतकाम करून देणार आहे. मुद्रिते मात्र प्रकाशकांकडून परत मागवली आहेत. एकूण २६४ पाने. प्रत्येक ‘स’, प्रत्येक ‘ल’, प्रत्येक ‘म’ पेन्सिलीने टिपत, मूळ वहीशी ताडत चालले आहे. काल रात्री १९८ व्या पानावर थांबले.